मनूला, त्या चहाबद्दल

प्रिय मनू,

अनेक आशीर्वाद.

परवा तू घरच्या ग्रुपवर चहाच्या खोक्याचा फोटो टाकलास, खाली लिहिलंस, 'सध्या हाच आधार'. दादाने हसरी तोंडं टाकली. मला काही हसू आलं नाही. खोक्यावर योहानिसक्राउट असं होतं. दादाकडून शोधून घेतलं तर ते सेंट जॉन्स वर्ट निघालं, मन उदास असलं की लोक घेतात ती वनस्पती. फोनवर बोलावं तर इकडे शेजारी बाबा, तिकडे समीर. म्हणून लिहिते आहे.

तू गर्भनिरोधक गोळ्या घेतेस. थिसिस होईपर्यंत घ्याव्यात हे माझंही मत आहे, तुझ्या सासूबाई काहीही म्हणोत. पण त्या गोळीबरोबर हा चहा चालत नाही. या झाडाने यकृतातली औषधं मोडणारी यंत्रणा जोरात कामाला लागते आणि गोळीतली हार्मोन्स लवकर निकालात निघतात. म्हणजे तू रोज वेळेवर घेतलीस तरी गोळी कमी पडू शकते. मध्येच डाग दिसले म्हणाली होतीस ना? याच्यामुळेच असतील असं नाही, पण माझ्या मनात पाल चुकचुकली. कॅप्सूलपेक्षा चहात अर्क कमी उतरतो, मान्य. पण किती उतरला ते कपात बघून कळत नाही. आजच बंद कर. आणि बंद केला की झालं असंही नाही, त्याचा परिणाम रेंगाळतो. पुढचे २८ दिवस जोडीला निरोध वापरा. पाळी लांबली तर टेस्ट कर. तातडीच्या गोळीच्या भरवशावर राहू नकोस, तिचाही जोर याने कमी होतो.

झालं, उघडलं बघ माझं उपकेंद्र. रागावू नकोस.

नोकरीभर माला-एन वाटली मी. बायका विचारायच्या, "सिस्टर, पपई खाल्ली तर चालंल का? दह्यानं गोळी मरती म्हणं? उष्ण पडती, दूध प्यायला पायजे का?" मी सांगायची, भाकरी खा, आंबील पी, कशानेही काही बिघडत नाही, रोज रात्री जेवण झालं की घे. फक्त शेवटच्या सात गोळ्या लोहाच्या, त्यांच्यावर लगेच चहा पिऊ नका, लोह अंगी लागत नाही. सगळ्यांची शंका खाण्यावर, आणि खरी गोम दुसऱ्या औषधांत. टीबीचे उपचार चालू असलेल्या बाईला मी गोळ्या देत नसे. त्यातलं रिफाम्पिसिन हे औषध तुझ्या चहासारखंच करतं, आणि फार जोरात. तिला कॉपर-टी सुचवायची, तिच्यावर कशाचा परिणाम नाही. एक जण पाकीट तांदळाच्या डब्यात लपवायची; नवऱ्याला नाही, सासूला भिऊन. आणि तू माझ्या पिशवीतली रिकामी पाकिटं काढून दवाखाना खेळायचीस. बाहुलीला विचारायचीस, "मागची पाळी कधी आली?" आत्यांनी कपाळावर हात मारून घेतला होता. आता तीच मुलगी लाइपझिगला धातूंवर पीएचडी करते, हे बँकेत सांगताना माझा आवाज आपोआप चढतो. बाबा म्हणतात, हळू.

लॅबमधली कॉफी मात्र कमी कर. गोळी चालू असली की कॉफीचा अंमल उतरायला जवळजवळ दुप्पट वेळ लागतो. संध्याकाळी सहाला पितेस आणि मग रात्रभर छत बघत बसतेस. बिअरचं मी विचारत नाही. तिने गोळी वाया जात नाही, पण गोळी घेतल्यावर तीन तासांच्या आत उलटी झाली तर ती घेतलीच नाही असं समज आणि लगेच दुसरी घे. समीरला ते पपनसासारखं फळ आवडतं, त्याने गोळीचा जोर कमी होत नाही. खाऊ दे.

पण मनू, चहा घ्यावासा का वाटला गं? तिकडे आता चारलाच अंधार पडतो, ठाऊक आहे मला. तेवढंच आहे का? सप्टेंबरमध्ये गोळी बदललीस, हे त्याच्या आधीपासून आहे की नंतरचं? काहींना गोळीनेच मन खचल्यासारखं होतं; पाकिटातला घडीचा कागद नीट वाच. तसं असेल तर गोळी बदलता येते, त्यावर चहाचं ठिगळ नको. आणि डॉक्टरांनी मनासाठी काही औषध लिहून दिलं, तर हा चहा घेत होते हे आधी सांग. दोन्ही एकत्र झालं तर हातपाय थरथरतात, ताप चढतो, छाती धडधडते, जिवावरही बेतू शकतं. डॉक्टरांकडे जायला लाजू नकोस. मावशीचं तुला माहीत आहे, त्यावर मी लिहीत नाही.

परत चहावरच आले. लिहायला बसताना ठरवलं होतं की चार ओळींत आटपायचं.

तुझ्या आपोटेकेत, म्हणजे औषधांच्या दुकानात जा, चहा आणि गोळ्या, दोन्ही खोकी काउंटरवर ठेव आणि विचार. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस हवं तर. ते काय म्हणाले ते मला एकटीला कळव, ग्रुपवर नको. दादाचा फ्लॅट अजून अडकलाय, त्याला काही विचारू नकोस. रविवारी बाबा पाचला भजनाला जातात, तुझ्याकडे तेव्हा दुपार असते. फोन कर आणि कॅमेरा लाव.

तुझी,
आई