हुकलेल्या फोटोलाही जागा द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या अंकात धुळ्याकडच्या एका तरुण वाचकाचं पत्र वाचलं. तीन हिवाळे एका काळविटामागे फिरला, शेवटी ते समोर आलं आणि निसटलं. आता कॅमेरा विकायला काढलाय, असं त्याने लिहिलंय. खाली तुम्ही एका जाणकाराचं उत्तर छापलंय : निसर्गाचा आनंद घ्यावा, फोटो दुय्यम. उत्तर बरोबरच असेल. पण ज्याचं हरीण परवा गेलं त्याला हे ऐकवणं म्हणजे एसटी चुकलेल्या माणसाला स्टँड किती स्वच्छ आहे ते दाखवण्यातला प्रकार. त्या पोराला माझी हकीकत कळावी म्हणून हे लिहितोय. लांबलं तर कापा, फक्त केळीचा भाग कापू नका.

मी एसटीच्या डेपोत ३१ वर्षं मेकॅनिक होतो. २०१७ साली रिटायर झालो आणि फंडातल्या थोड्या पैशांतून जुना कॅमेरा आणि लांबची लेन्स घेतली. घरच्यांना वाटलं, आता लग्नकार्यातले फोटो फुकटात होतील. झालेही. पण माझा जीव होता सातपुड्यात. सावद्याहून पाल गावापर्यंत मोटारसायकल, पुढे पायी. तिथे अभयारण्याच्या हद्दीलगत एक नाला आहे. उन्हाळ्यात सगळा आटतो, पण वाळू उकरली की पाणी लागतं. तसे दोन झिरे, एक खाली आणि एक अर्धा कोस वर. २०१८च्या मे महिन्यात खालच्या झिऱ्याजवळ मला लेंड्यांचा ढीग दिसला. जुन्या वाळलेल्या, त्यावर ताज्या, सगळ्या एकाच जागी. माझ्याबरोबर जवळच्या पाड्यावरचा एक पावरा आदिवासी मित्र असतो, माझ्याच वयाचा. तो म्हणाला, चौशिंगा. हे जनावर रोज त्याच ठिकाणी येऊन बसतं, माणसाने संडासला जावं तसं.

चौशिंगा हरीण नव्हे, अशी दुरुस्ती करणारं एक पत्र तुम्हाला नक्की येईल, म्हणून मीच सांगून टाकतो. सांबर, चितळ, भेकर यांची शिंगं दरवर्षी गळतात आणि नवी येतात. चौशिंग्याची गळत नाहीत, त्यामुळे शास्त्राप्रमाणे तो काळविटाच्या गोतातला. आमच्याकडे मात्र सगळ्यांना हरीणच म्हणतात. चार शिंगांचं रानटी जनावर जगात हे एकच, तेही फक्त भारतात आणि नेपाळात. शिंगं नरालाच. मागची दोन वीतभरापेक्षा कमी, पुढची दोन तर बोटाच्या पेराएवढी. उंचीला आपल्या शेळीएवढा. एकटा राहतो, पाण्यापासून फार लांब जात नाही आणि नुसती चाहूल लागली तरी गवतात नाहीसा होतो.

सहा उन्हाळे मी त्या झिऱ्यावर बसलो. २०२०चा लॉकडाऊनमध्ये गेला तो धरला नाही. दोनदा पाठीमागून दिसला, तपकिरी पार्श्वभाग आणि वर शेपटीचं टोक. एकदा नुसता आवाज. माझ्या बायकोचा हिशोब वेगळा आहे : सहा उन्हाळ्यांचं पेट्रोल, तीन वेळा पंक्चर, एकदा उन्हाने आलेली चक्कर आणि सलाइनच्या दोन बाटल्या.

मे २०२४. धावडे वाळून काटक्या झाले होते. आम्ही एका दगडाआड बसलो होतो, झिऱ्यापासून पंचवीस पावलांवर. सकाळचे सात वाजायला आले असतील. वारा अजिबात नव्हता. समोरचं गवत थोडं फाकलं आणि तो बाहेर आला. नर. त्याची चाल अडखळती असते, क्लच नीट न सुटलेल्या गाडीसारखी, हे मी ऐकून होतो. तशीच होती. पुढच्या पायांवर समोरून खाली उतरलेली काळी रेघ दिसली. पाण्यापाशी थांबला, मान वर केली आणि चारही शिंगं एकाच वेळी माझ्या लेन्समध्ये आली. पुढची दोन, खुंट्यांसारखी, त्यांच्या बुडाशी थोडी माती लागलेली. मी श्वास धरला आणि बटण दाबलं.

कॅमेरा म्हणाला, टीट.

मग पुन्हा टीट. समोरचा लाल दिवा लुकलुकायला लागला.

आदल्या रविवारी भुसावळला पुतणीचा साखरपुडा होता. सगळ्या फोटोंत आप्पाच नसतात, अशी पोरींची तक्रार होती, म्हणून शेवटचा फोटो मी टायमर लावून काढला आणि पळत जाऊन रांगेत उभा राहिलो. दहा सेकंदांचा टायमर. तो तसाच राहिला होता. ३१ वर्षं मी इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून बिघाड सांगितले, ब्रेक तपासल्याशिवाय एक गाडी डेपोबाहेर सोडली नाही, आणि इथे सहा उन्हाळ्यांचं काम असताना माझ्या हातातल्या यंत्रावर एक नजर टाकली नाही.

चौशिंग्याने दुसऱ्या टीटला कान वळवले. तिसऱ्याला माझ्याकडे पाहिलं. चौथ्याला तो नव्हता. कॅमेऱ्याने मात्र आपलं काम सोडलं नाही. शेवटी टीटटीटटीट घाई करून बरोबर दहाव्या सेकंदाला फोटो काढला.

माझा पावरा मित्र हसायला लागला. हसता हसता दगडावरून घसरला, डोळ्यांतून पाणी. 'आप्पा, तुमच्या पेटीत कोंबडा आहे का?' त्या क्षणी मला त्याचा इतका राग आला की पाल येईपर्यंत मी एक शब्द बोललो नाही. आज विचार करतो तर त्या दिवशी माझ्याशी सरळ वागलेला तो एकटाच.

कारण घरी आल्यावर सांत्वन सुरू झालं. गच्चीवर कुरडया वाळत होत्या, मी कावळे हाकायला जाऊन बसलो. बायको वर आली. 'अहो, डोळ्यांनी पाहिला ना? झालं तर.' संध्याकाळी व्याही फोनवर म्हणाले, पुढच्या वर्षी येईल. मुलगा म्हणाला, नेटवर चौशिंग्याचे ढीगभर फोटो आहेत, एक मोठा करून लावू. माणसं चांगलीच आहेत सगळी. पण प्रत्येक वाक्याने मला ते बटण परत दाबल्यासारखं व्हायचं.

दोन दिवसांनी धाकटा भाऊ आला. त्याची रावेर रस्त्याला केळी आहे. त्याला मी सगळं सांगितलं, टीटसकट. तो गप्प ऐकत होता. मग म्हणाला, 'दादा, गेल्या जूनमध्ये माझा मृगबाग आडवा झाला तेव्हा तू बांधावर येऊन काय म्हणाला होतास, आठवतं?'

आठवत होतं. कापणीला पंधरा दिवस राहिले होते. संध्याकाळी वीस मिनिटं वारा सुटला आणि सकाळी घडांसकट सगळी खोडं एकाच दिशेला झोपलेली, कोणीतरी हात फिरवल्यासारखी. मृगात लावलेला बाग, वर्षभराचं पाणी, खत, मजुरी, सोसायटीचं कर्ज. पंचनाम्याला माणूस यायचा होता. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो होतो, 'जाऊ दे, पुढच्या वर्षी येईल.' माझं एक जनावर आणि त्याचा अख्खा बाग यांची तुलना होत नाही, तो तसं म्हणालाही नाही. चहा पिऊन गेला. पण त्या दिवसापासून 'पुढच्या वर्षी' हे दोन शब्द मी कोणाच्या तोंडावर टाकत नाही. त्या धुळ्याच्या पोरालाही टाकणार नाही. ते काळवीट त्याला परत दिसेलच, हे मला काय माहीत?

आता जे लिहितोय ते बायकोला माहीत नाही, ती हा पेपर वाचते, तर कळेलच. चौथ्या दिवशी मी एकटाच रानात गेलो. डोक्यात असं होतं की वरचा झिरा बुजवला तर त्याला पाण्याला खालीच यावं लागेल. १९७२च्या वन्यजीव कायद्यात चौशिंगा पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंगतीला. हे मला पाठ आहे, शाळेच्या पोरांना मी सांगतोही. तरी मी वरच्या झिऱ्यात दगड टाकायला लागलो. रिकाम्या हाताने परतलेला माणूस काय करेल याचा भरवसा नाही, मग त्याच्या हातात बंदूक असो की कॅमेरा. दगड टाकत असतानाच पाड्यावरचा एक पोरगा शेळ्या घेऊन आला. त्याच पाण्यावर आणायचा तो रोज. 'आप्पा, काय बांधून राह्यले?' मी म्हणालो, काही नाही रे, झिरा साफ करतोय. आणि दगड बाहेर काढायला लागलो. तोही बाह्या सरसावून माझ्याबरोबर काढायला लागला. नऊ दगड होते. तळाला आधीपासून साचलेला गाळही त्याने ओंजळीने उपसला, पाणी वर येईपर्यंत, आणि मला म्हणाला, बरं झालं तुम्ही आले, कोणी लक्षच देत नाही.

घरी येताना आजोबा आठवले. त्यांच्याकडे ठासणीची बंदूक होती आणि तिचा परवाना होता, कायदा यायच्या कितीतरी आधीची गोष्ट. चार हिवाळे ते एका सांबरामागे होते. एका संध्याकाळी ते टप्प्यात आलं आणि बार फुसका निघाला. दुसऱ्या दिवशी पहाटे आजोबा तणतणत परत गेले, झुडूप हललं तसा बार काढला आणि गुराख्याची गाभण शेळी मारली. शेळीचे पैसे भरले ते भरले, गावात वर्षभर त्यांना 'किती सांबरं झाली?' असं विचारत. तेव्हापासून त्यांचा नेम होता : जनावर निसटलं की आठ दिवस रानाकडे पाय नाही. बंदूक पुसायची, तेल द्यायचं, गोणपाटात गुंडाळून आढ्याला टांगायची. चिडून रानात जायचं नाही, हे वाक्य आम्ही लहानपणी इतकं ऐकलं की त्याचं काही वाटेनासं झालं होतं. हा नेम मी पाळला असता तर नऊ दगडांची लाज वाचली असती.

त्यामुळे त्या पोराला माझं एवढंच सांगणं : कॅमेरा विकायचा तर खुशाल वीक, पण आठ दिवस थांबून. तोपर्यंत कापडात गुंडाळून माळ्यावर ठेव. आणि काय चुकलं ते एखाद्या हसणाऱ्या माणसाला सांग, समजूत घालणाऱ्याला नको. माझ्या मित्राने ती गोष्ट पालच्या बाजारात इतक्या जणांना सांगितली की आता पाड्यावरची पोरं मला लांबून बघितलं की 'टीट, टीट' ओरडतात. पहिल्या महिन्यात झोंबायचं. हल्ली मीही ओरडतो.

आणि तुम्हाला एक विनंती. ऑक्टोबरमधल्या वन्यजीव सप्ताहात तुम्ही दरवर्षी वाचकांचे फोटो छापता. झेप घेणारा बिबट्या, पाण्यात चोच बुडवलेला खंड्या, सगळं कसं नेमकं. नव्या पोराला वाटतं, सगळ्यांना मिळतं, आपल्यालाच नाही. एक कोपरा हुकलेल्या फोटोंना द्या. हललेले, कापले गेलेले, शेपटीचे, रिकामे. खाली दोन ओळी, काय झालं त्या. बक्षीस नको.

सुरुवात माझ्यापासून करा. माझा फोटो सोबत जोडलाय. त्यात झिरा आहे, वाळू आहे, मागे अंजनाची झाडं. छापताना कडेने कापू नका. डावीकडे गवताची एक बाजू वाकलेली दिसेल. वर लिहिलंच आहे, त्या सकाळी वारा नव्हता.

आपला,
एक वाचक (एसटीचा निवृत्त मेकॅनिक)
सावदा, ता. रावेर, जि. जळगाव