काका, त्या काळ्या पट्टीबद्दल थँक यू

काका, परवा तुमच्याकडे नीट बोलताच आलं नाही, रडू फुटेल म्हणून पळालेच मी, तर आता इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

तुम्ही दुरुस्त केलात तो आमचा कमोडोर १५४१, म्हणजे जुन्या कॉम्प्युटरचा फ्लॉपी ड्राइव्ह. बाबांनी १९८५ ला न्यू जर्सीत आल्यावर कमोडोर ६४ कॉम्प्युटरसोबत घेतलेला. एका फ्लॉपीवर १७० केबी, म्हणजे आत्ताच्या मोबाइलचा एक धड फोटो मावणार नाही. आत स्वतःचा वेगळा प्रोसेसर असूनही लोड व्हायला इतका वेळ की आई म्हणायची, तेवढ्यात माझ्या कुकरच्या तीन शिट्ट्या होतात.

तुमच्याआधी दुरुस्तीसाठी दोघांकडे जाऊन आले. एकाने न बघताच सांगितलं, फेकून द्या, इम्युलेटर टाका, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणारं सॉफ्टवेअर. अहो, पण दादाने स्वतः केलेला गेम इम्युलेटर कुठून आणणार? दुसऱ्याने महिनाभर ठेवून घेतला, पैसे मोजून घेतले आणि परत दिला तो दोन स्क्रू कमी, लाल दिवा लुकलुकतोय आणि खडखड जशीच्या तशी.

तुम्ही मात्र ड्राइव्हला हातच लावला नाहीत. आधी विचारलंत, "फ्लॉपीवर काय आहे गं?" मी सांगितलं, दादाने शाळेत असताना मासिकात बघून टाइप केलेला आणि मग स्वतःचं डोकं चालवून बदललेला गेम, त्यात हरलं की स्क्रीनवर यायचं 'आई चहा कर'. तुम्ही हसलात, ड्रॉवरमधून काळी चिकटपट्टी काढलीत, नखाएवढा तुकडा कापून फ्लॉपीच्या कडेच्या खाचेवर लावलात आणि अंगठ्याने दोनदा दाबलात. "आता ड्राइव्ह पिसाळला तरी हिच्यावर काही लिहिणार नाही." आणि हेड, म्हणजे फ्लॉपीवरचं वाचणारा-लिहिणारा भाग, सरळ करायची घाई नको म्हणालात, आपटून आपटून ते तेव्हाच सरकलं असेल तर या फ्लॉप्या वाकड्या हेडनेच लिहिल्या असणार, आधी वाचून घेऊ. पुढे आतलं काय काय बदललंत ते मला कळलंही नाही, पण ती पट्टी डोक्यातून जात नाहीये. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायच्या आधी 'यात काय आहे' असं विचारतं कोण हो, हल्ली डॉक्टरसुद्धा विचारत नाहीत.

काल रात्री दादाला व्हिडिओ कॉल लावला, निळ्या स्क्रीनवर गेम आला, मी मुद्दाम हरले. आईने वाचलं आणि म्हणाली, आता तू कर.

दादा मागे लागलाय, पट्टी काढ, नवीन हायस्कोअर सेव्ह करायचाय. मी काढणार नाहीये.