एक लाख कोटींची बातमी आणि आमच्यासारख्यांचे दहा-पन्नास लाख

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

केंद्र सरकारच्या एक लाख कोटींच्या संशोधन निधीबद्दल पेपरात आलं तेव्हापासून आमच्या शिरोली एमआयडीसीत चहाच्या टपरीवर एकच विषय चालू आहे, यातलं आपल्याला काय मिळणार? आणि पाच मिनिटात गाडी ठरलेल्या जागी येऊन थांबते, की वशिला लागतो हो, दिल्लीत माणूस पाहिजे, आपल्यासारख्याला कोण विचारतंय. हे ऐकून मला खरंच वाईट वाटतं म्हणून हे पत्र.

आधी त्या निधीचं स्पष्ट सांगतो. आरडीआय म्हणतात तो हा निधी, जुलै २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केला आणि नोव्हेंबरात सुरू झाला, पण ते अनुदान नाहीये. ते कमी व्याजाचं किंवा बिनव्याजी लांब मुदतीचं कर्ज किंवा मग कंपनीत भांडवल, तेही थेट नाही, मधे फंड मॅनेजर आहेत. शिवाय वस्तू टीआरएल चारला (टीआरएल म्हणजे तंत्रज्ञान किती तयार झालंय ते मोजायची पट्टी) पोचलेली पाहिजे, म्हणजे लॅबमध्ये चालवून दाखवलेलं मॉडेल हातात पाहिजे. ज्याच्याकडे अजून फक्त आयडिया आणि वहीत काढलेली आकृती आहे त्याने तिकडे बघत बसू नये. त्याच्यासाठी वेगळे पैसे आहेत, आकडे छोटे आहेत म्हणून त्यांची हेडलाइन होत नाही इतकंच.

केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान खात्याच्या निधी-प्रयास योजनेमध्ये नमुना बनवायला १० लाखांपर्यंत मिळतात. एमएसएमई मंत्रालयाच्या इनोव्हेटिव्ह योजनेत एका आयडियाला १५ लाखांपर्यंत. स्टार्टअप इंडिया सीड फंडमधून चाचणी आणि नमुन्यासाठी २० लाखांपर्यंत अनुदान. आरोग्य, शेती, जनावरं, अन्न या बाजूचं काही असेल तर बायरॅकचं, म्हणजे केंद्राच्या जैवतंत्रज्ञान खात्याच्या संस्थेचं, बिग नावाचं अनुदान, ५० लाखांपर्यंत, दीड वर्षासाठी, आणि त्यासाठी दिल्लीला जायला नको, नवउद्योगांना मदत करणारी केंद्रं जवळच आहेत, पुण्यात पाषाणला एनसीएल या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारातलं व्हेंचर सेंटर किंवा पवईला आयआयटीचं साइन. संरक्षण खात्याला लागणारं काही करत असाल तर त्या खात्याची आयडेक्स योजना, तिथे दीड कोटीपर्यंत, फक्त तेवढेच आपणही घालायचे असतात. यातला एकही पैसा परत फेडायचा नाही, हे मी सांगितलं की लोक माझ्याकडे संशयाने बघतात.

मी दुधाची उपकरणं बनवतो. गाईला दगडी होते, कासदाह, तो वरून दिसायच्या आधी दुधात मीठ वाढतं आणि दुधातून वीज जास्त वाहते, ते चारी सडांचं वेगवेगळं मोजून सांगणारं हातात धरायचं मीटर, हा आमचा विषय होता. त्यासाठी मला सरकारी संशोधन अनुदान मिळालं आणि माझी दिल्लीत कोणाशी साधी ओळखही नव्हती. प्रेझेंटेशनला समोर जे तज्ज्ञ बसले होते त्यात पशुवैद्यकातल्या एक प्राध्यापक बाई होत्या, त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, अशी मीटर परदेशात मिळतात, तुमचं नवीन काय? दुसरा, म्हशीवर चालतं का? आता म्हशीच्या दुधात फॅट जास्त, फॅट वाढलं की वीज कमी वाहते, म्हणून गाईचा आकडा म्हशीला लावला तर आजारी म्हैस निरोगी दिसू शकते. आमच्याकडे पन्हाळ्याकडच्या गोठ्यातले म्हशींचे आकडे वेगळे लिहून ठेवलेले होते, तो तक्ता स्क्रीनवर लावला आणि पुढची सगळी चर्चा त्या एका तक्त्यावरच झाली. कारखाना किती मोठा, कोणाच्या ओळखीने आलात, हे कोणी विचारलं नाही. तुमचा प्रश्न खरा आहे का, उत्तर कसं तपासणार आणि ते चुकीचं निघालं तर कसं कळणार, एवढंच विचारलं.

आणि इथेच आपली माणसं मागे पडतात, हुशारीत नाही, कागदावर. ओळखीतल्या एका फाउंड्रीवाल्यांनी मध्यंतरी त्यांचा अर्ज वाचायला आणून दिला. मोल्डिंग सँडमधला, म्हणजे साचे भरायच्या वाळूतला, ओलावा चालू मिक्सरमध्येच मोजायची त्यांची आयडिया आहे, एकदम भारी, कास्टिंगला ब्लो होल, म्हणजे वाफेची भोकं, पडले की किती माल रिजेक्ट होतो हे ज्याने भोगलंय त्यालाच हे सुचणार. पण अर्जाच्या पहिल्या चार पानांवर काय, तर कारखान्याची स्थापना, मशिनरीची यादी, आयएसओ सर्टिफिकेट, मिळालेले पुरस्कार. सँडचा विषय पाचव्या पानावर, तोही चार ओळीत. वाचणाऱ्यासमोर असे ढीगभर अर्ज असतात हो, तो पाचव्या पानापर्यंत येईलच असं नाही. आम्ही बसून ते उलटं केलं. पहिल्या परिच्छेदात आज ओलावा कसा बघतात, हातात मूठभर वाळू घेऊन दाबून किंवा लॅबला सँपल पाठवून, आणि उत्तर येईपर्यंत किती साचे भरून झालेले असतात ते. मग बजेट. त्यात "इतर खर्च" म्हणून एक मोठा आकडा होता, तो फोडून प्रोब, इलेक्ट्रॉनिक्स, बाहेरच्या लॅबची चाचणी असं एकेक लिहिलं. त्यांना म्हटलं, प्रत्येक रुपयासमोर त्यातून कळणार काय ते आलंच पाहिजे.

आणखी एक अडचण आहे जी कोणी आधी सांगत नाही. आमच्याकडची बरीच युनिटं प्रोप्रायटरी, म्हणजे एकाच मालकाची, आहेत, वडिलांच्या नावाने नाहीतर बायकोच्या नावाने. स्टार्टअप म्हणून डीपीआयआयटीची, म्हणजे केंद्राच्या उद्योग खात्याची, मान्यता प्रायव्हेट लिमिटेड, एलएलपी, रजिस्टर्ड पार्टनरशिप यांना मिळते, प्रोप्रायटरीला नाही. सीड फंडला तर कंपनी दोन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. म्हणजे तीस वर्षं सचोटीने धंदा केलेला माणूस दारातच अडतो आणि कालपरवा कॉलेजातून बाहेर पडलेला मुलगा आत जातो. मुलांना मिळू नये असं मी अजिबात म्हणत नाही, मिळालंच पाहिजे, पण ज्याच्या हाताला लोखंडाची सवय आहे त्याच्या नव्या कामालाही दार उघडं हवं. सध्या तरी त्यावर उपाय म्हणजे कुठल्या योजनेत काय चालतं ते सीएला आधीच विचारायचं, अर्जाच्या आदल्या दिवशी नाही.

या सगळ्या गोंधळाचा फायदा घेतात ते एजंट. "साहेब तुम्ही सही करा, बाकी मी बघतो, मंजूर झालं की दहा टक्के." कृपा करून कोणी यांच्या नादी लागू नका. अनुदानाचे पैसे वेगळ्या खात्यात येतात, मंजूर झालेल्या हेडलाच खर्च करायचे असतात आणि वर्षाला युटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे पैसे कुठे खर्च झाले त्याचा दाखला, द्यावं लागतं, त्यावर सीएची सही असते, त्यात कमिशनचं हेड नसतं. मग ते दहा टक्के खोट्या बिलातून काढायचे का? आणि प्रेझेंटेशनला एजंट येत नाही, प्रश्नांची उत्तरं तुम्हालाच द्यायची असतात, अर्ज दुसऱ्याने लिहिलाय हे पहिल्या पाच मिनिटात कळतं.

सरकारकडूनही चुकतं आणि तेही लिहायलाच पाहिजे. पैसे हप्त्याने येतात, टप्पा पूर्ण करा, अहवाल द्या, मग पुढचा हप्ता. तत्त्व बरोबर आहे पण अहवाल देऊन महिनेच्या महिने हप्ता येत नाही तेव्हा नवीन ठेवलेल्या इंजिनियर मुलीचा पगार कुठून द्यायचा? आमच्या वेळी ओव्हरड्राफ्ट काढून दिला. मोठी कंपनी हे सोसते, आठ माणसांचं युनिट सोसत नाही. अहवाल आल्यावर किती दिवसात निर्णय द्यायचा ते करारातच लिहा, जसं आमच्या कामाची मुदत लिहिता.

आणि नमुना तयार झाल्यावर घेणार कोण? अमेरिकेत १९८२ मध्ये कायदाच केला, ज्या सरकारी खात्यांचं संशोधनाचं बजेट मोठं आहे त्यांनी ठरावीक हिस्सा छोट्या कंपन्यांना द्यायचा, आणि चांगलं निघालं तर तेच खातं पुढे त्यांच्याकडून वस्तू विकत घेऊ शकतं. आपल्याकडे आयडेक्समध्ये खरेदीचा रस्ता आहे. आपल्या राज्यातही इनोव्हेशन सोसायटीच्या स्टार्टअप वीकमध्ये निवडलेल्यांना सरकारी खात्यात काही लाखांची वर्क ऑर्डर मिळते, हे फार चांगलं आहे, पण तो आकडा आणि निवडलेल्यांची संख्या दोन्ही वाढवा. पशुसंवर्धन खात्याने एका तालुक्यात जरी आमच्यासारख्यांची मीटरं वापरून बघितली तर जे शिकायला मिळेल ते कुठल्याच लॅबमध्ये मिळणार नाही.

म्हणून तीन ठिकाणी विनंती आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या उद्योजक संघटनांनी महिन्यातून एक दिवस असे अर्ज वाचायला बसावं, ज्यांना अनुदान मिळालंय त्यांनी यावं, मी नक्की येईन. इंजिनियरिंग कॉलेजांनी चाचणीची यंत्रं छोट्या युनिटला वाजवी भाड्याने द्यावीत, कित्येक ठिकाणी ती कव्हर घालून झाकून ठेवलेली असतात. आणि संपादक साहेब, आपल्याला अशी विनंती की टेंडर नोटिशीला देता तेवढी जागा या योजनांच्या तारखांना द्या, बिगचे अर्ज साधारण जानेवारी आणि जुलैत मागवतात, ते निदान दोन महिने आधी छापा. आठ दिवस आधी कळलं तर माणूस फॉर्म भरतो, दोन महिने आधी कळलं तर गोठ्यात जाऊन आकडे गोळा करतो.

आपला,
एक लघुउद्योजक वाचक,
शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर