विदिशाचे खासदार रामनाथ गोएंका

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

परवा इथं वाचनालयात चर्चा निघाली की पेपरचा मालक खासदार झाला म्हणजे पेपर संपलाच समजा, मग तो सरकारविरुद्ध एक ओळ छापणार नाही. मी इंडियन एक्स्प्रेसचे मालक रामनाथ गोएंका यांचं नाव घेतलं, तर दोन-तीन पोरांनी विचारलं, ते खासदार होते का? मला खरंच वाईट वाटलं म्हणून लिहितोय.

आमच्या वडिलांची भुसावळला पेपरची एजन्सी होती. पहाटे गाडीतून गठ्ठे उतरायचे, वडील ब्लेडनं सुतळी कापायचे आणि लाईनवर जाणारी पोरं येईपर्यंत तिथंच फलाटावर उकिडवं बसून पहिलं पान वाचून काढायचे. गोएंकांचं नाव मी पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून ऐकलं.

माणूस मूळचा बिहारच्या दरभंग्याचा, जन्म १९०४ चा, धंद्यासाठी मद्रासला गेला आणि तिथं इंडियन एक्स्प्रेस हातात घेतला. आपला लोकसत्ता १९४८ साली निघाला तो यांच्याच ग्रुपमधून. घटना समितीतही ते होते, हे तर कोणी सांगतच नाही. मग १९७१ ला जनसंघाच्या तिकिटावर विदिशातून लोकसभेत गेले. विदिशा म्हटलं की लोकांना वाजपेयी, सुषमा स्वराज आठवतात, पण त्यांच्या कितीतरी आधी हे. आणि विदिशा काही लांब नाही हो, आपल्या भुसावळवरून पंजाब मेलमध्ये बसलं की खांडवा, इटारसी, भोपाळ करत सरळ तिथंच.

आता मुद्द्याचं. आणीबाणी लागली तेव्हा ते चालू खासदार होते. २५ जून १९७५ च्या रात्री दिल्लीत बहादूरशाह जफर मार्गावरच्या छापखान्यांची लाईटच कापली, आणि २८ तारखेला एक्स्प्रेसनं सेन्सॉरशिपच्या निषेधात अग्रलेखाची जागा कोरी सोडली. नंतर कंपनीच्या बोर्डावर सरकारच्या मर्जीतली माणसं बसवली, मालकावर केसेस टाकल्या, तरी त्यांनी पेपर विकला नाही की बंद केला नाही. खासदारकी सांभाळायची म्हणून गप्प बसले असते तर कोणी विचारायला आलं असतं का?

प्रत्येक मालक-खासदार असाच असतो असं मी म्हणत नाही. उलट गोएंका स्वतः एका पक्षाच्या तिकिटावर होते, ते वाचकाला माहीत असलंच पाहिजे. म्हणून माझं म्हणणं एवढंच की आजही कुठल्या पेपरचा मालक सभागृहात बसत असेल तर त्या पक्षाची बातमी देताना खाली एक ओळ छापावी, मालक या पक्षाचे सदस्य आहेत. बाकी वाचक बघून घेईल, वाचक काही दूधखुळा नाही.

गोएंका ५ ऑक्टोबर १९९१ ला मुंबईत गेले. यंदा त्या तारखेला आपण त्यांच्यावर अर्धं पान द्यावं, आणि त्यात घटना समिती अन् विदिशा दोन्ही यावं ही विनंती. ते पान मी स्वतः वाचनालयाच्या बोर्डावर लावीन.

आपला,
भुसावळचा एक जुना वाचक