गाढव म्हणजे लांब कानांचा घोडा नव्हे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

ठाणे स्टेशनजवळ मुलांसाठी प्राण्यांचे रंगीत तक्ते विकायला असतात. नातवासाठी परवा एक घेतला. त्यात गाढव म्हणून चक्क घोडा काढला आहे, फक्त कान ताणून लांब केलेत! पशुसंवर्धन खात्यातल्या नोकरीत मी वीटभट्ट्यांवरची गाढवं हाताळली आहेत, त्यामुळे राहवलं नाही.

गाढवाची आयाळ आखूड आणि ताठ उभी असते. घोड्यासारखी मानेवर रुळत नाही, कपाळावर झुलपंही येत नाहीत. शेपटीला वर बारीक केस आणि टोकाला गोंडा, गाईला असतो तसा. खूर अरुंद, उभट. तोंडाचा पुढचा भाग आणि डोळ्यांभोवतीची कडी बहुधा पांढुरकी. राखाडी गाढवाच्या पाठीच्या कण्यावरून एक गडद पट्टा जातो, दुसरा खांद्यावर आडवा, आणि दोन्हींची फुली होते. भट्टीवरच्या धुळीत ती झाकलेली असते, ओलं फडकं फिरवलं की उमटते.

आवाजातला फरक तर मुलांना कुणी सांगतच नाही. घोडा खिंकाळतो तो श्वास सोडताना. सूर उंच लागतो आणि थरथरत खाली येतो. गाढव श्वास आत ओढतानाही आवाज काढतं आणि सोडतानाही. मान पुढे ताणलेली, नाकपुड्या फाकलेल्या, पोट खपाटीला जाऊन पुन्हा फुगतंय, असं ते पूर्ण अंगानिशी ओरडतं. ओसाड, कोरड्या प्रदेशात दूरदूर चरणाऱ्या त्याच्या पूर्वजांना हाच आवाज उपयोगी पडायचा.

स्वभावही वेगळा. घोडा बिचकला की उधळतो, गाढव जागीच थबकतं. आपण त्याला हट्टी ठरवतो आणि काठी घालतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. दुखलंखुपलं तरी ते चटकन दाखवत नाही, म्हणून जखम चिघळेपर्यंत मालकाच्या लक्षात येत नाही.

२०१२च्या पशुगणनेत देशात सुमारे ३.२ लाख गाढवं होती, २०१९च्या गणनेत १.२ लाख उरली. ठाण्यातल्या मुलांना यापुढे गाढव चित्रातच भेटणार, मग ते चित्र तरी खरं नको का? तक्ते छापणाऱ्यांनी आयाळ आणि शेपूट तेवढी दुरुस्त करावी. चित्रकारांना समोर बघून काढायचं असेल तर पौष पौर्णिमेला जेजुरीला गाढवांचा बाजार भरतो, तिथे जावं.

एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक,
कळवा, ठाणे