वर्ग बदलतो त्या वर्षीची कादंबरी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

किशोरवयीन वाचकांसाठी लिहिल्या जाणाऱ्या कादंबऱ्यांवर आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख मी दोनदा वाचला. हा विषय मराठी वृत्तपत्रात पानभर येणे दुर्मीळ आहे, त्याबद्दल आधी आभार मानते. लेखात 'द आउटसायडर्स' या अमेरिकन कादंबरीचा उल्लेख 'एका तरुण लेखकाने लिहिलेली टोळीयुद्धाची कथा' असा आला आहे. एस. ई. हिंटन हे लेखक नसून लेखिका आहेत. पूर्ण नाव सूझन एलोईज हिंटन. 1967 साली पुस्तक निघाले तेव्हा मुलांच्या टोळ्यांविषयी एका मुलीने लिहिले आहे असे कळले तर परीक्षक ते उघडण्याआधीच मत बनवतील, या धास्तीने मुखपृष्ठावर नुसती आद्याक्षरे छापली गेली. ती युक्ती इतक्या वर्षांनी आपल्या पुरवणीतही लागू पडलेली पाहून गंमत वाटली. ही चूक किरकोळ आहे. मला खटकले ते लेखाच्या अखेरीचे विधान, की वर्गसंघर्षाच्या अशा कथा पाश्चात्त्य शहरांतल्या असून आपल्या मुलांना त्या परक्या वाटतात.

मी बावीस वर्षे एका खासगी शाळेचे ग्रंथालय सांभाळले आहे. त्या अनुभवावरून सांगते, की हे विधान मोठ्यांच्या सोयीचे आहे.

ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहरात विल रॉजर्स हायस्कूलमध्ये शिकत असताना, वयाच्या पंधराव्या वर्षी हिंटन यांनी ही कादंबरी लिहायला घेतली. त्यांच्या एका मित्राला शाळेतून घरी जाताना, तो 'खालच्या' मुलांपैकी दिसतो एवढ्याच कारणाने मारहाण झाली होती, आणि त्या संतापातून लेखन सुरू झाले. शहराच्या पूर्वेकडची गरीब वस्तीतली मुले 'ग्रीसर', पश्चिमेकडची श्रीमंत मुले 'सोश'. हाणामारी आहे, चाकू आहे, तीन मुलांचे मृत्यूही आहेत. तरीही पुस्तक मिटल्यावर मनात राहतात ते प्रसंग फार लहान आहेत. निवेदक पोनीबॉय चौदा वर्षांचा आहे, हुशार आहे, म्हणून त्याला वरच्या तुकडीत बसवले आहे आणि तिथे आजूबाजूला बहुतेक मुले श्रीमंतांची आहेत. जीवशास्त्राच्या तासाला गांडूळ कापायचे असते, पाते चालत नाही, तेव्हा तो भान विसरून खिशातला खटक्याचा चाकू काढतो. शेजारची मुलगी दचकते आणि म्हणते, लोक म्हणतात ते खरेच आहे, तू गुंडच आहेस. कोणी त्याला वर्गाबाहेर काढलेले नसते. तो तिथेच, त्याच बाकावर असतो. हुशारीच्या जोरावर वर्गात जागा मिळणे आणि वर्गातला एक म्हणून धरले जाणे यांतले अंतर मी एवढ्या थोडक्यात इतरत्र वाचलेले नाही.

दुसरा प्रसंग चेरी या मुलीचा. ती श्रीमंत गटातली आहे, पोनीबॉयशी मोकळेपणाने बोलते, आणि निरोप घेताना त्याला आधीच सांगून ठेवते की शाळेच्या व्हरांड्यात मी ओळख दाखवली नाही तर वाईट वाटून घेऊ नकोस. यात दुष्टपणा नाही, आणि बोचते तेच. त्या मुलीला नियम ठाऊक आहे आणि तो मोडण्याची किंमतही ठाऊक आहे. आपल्याकडे शाळेच्या गेटबाहेर स्कूलबस, चारचाकी, रिक्षा आणि पायी अशा चार वाटांनी मुले पांगतात तेव्हा कोण कोणाला हात करते आणि कोण मान वळवते, हे ज्याने वर्षभर पाहिले आहे त्याला चेरीची ओळख करून द्यावी लागत नाही.

आणखी एक प्रसंग सांगते, कारण 'आपले असणे' म्हणजे काय ते त्यात आहे. पोलिसांपासून लपताना ओळख पटू नये म्हणून पोनीबॉय आणि त्याचा मित्र जॉनी एका जुन्या चर्चमध्ये आपले लांब, तेल लावून बसवलेले केस कापतात. पोनीबॉयचे तर रंग उडवून पिवळे करतात. माणूस मेला आहे, पोलीस मागावर आहेत, आणि हा मुलगा केसांसाठी रडवेला होतो. श्रीमंतांकडे मोटारी आणि महागडे शर्ट आहेत; यांच्याकडे अभिमानाने मिरवण्यासारखे केसच होते. प्रार्थनेच्या रांगेत कातर घेऊन उभे राहणाऱ्या आमच्या क्रीडाशिक्षकांना मी हे पान वाचायला दिले होते. त्यांनी ते वाचले की नाही ते मी विचारले नाही. कातर मात्र चालूच राहिली, आणि ती कोणत्या मुलांच्या डोक्यावर जास्त चालते तेही बदलले नाही.

आता 'परके' या शब्दाकडे येते. शिक्षणहक्क (आरटीई) कायद्यानुसार खासगी शाळांत प्रवेशाच्या पहिल्या इयत्तेतील पंचवीस टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील मुलांसाठी राखीव असतात. ही मुले आली, आणि शाळाशाळांत 'आरटीईवाली मुले' हा शब्दप्रयोगही आला; शिक्षकखोलीत तो ज्या सुरात उच्चारला जातो तो छापता येत नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य शासनाने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत शासकीय किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या जागांतून सूट दिली, आणि जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. या साऱ्याची चर्चा आपल्या पानांवर झाली ती प्रवेशांची, सोडतीची आणि थकलेल्या शुल्कप्रतिपूर्तीची. कायद्याचे छत्र मात्र वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत, म्हणजे आठवीपर्यंतच आहे, याकडे कथा-कादंबरी लिहिणाऱ्यांचे लक्ष गेलेले दिसत नाही. नववीला शुल्क घरून भरायचे असते. आठ वर्षे एका बाकावर बसलेल्या दोघांपैकी एक जण जूनमध्ये दुसऱ्या शाळेत जातो, आणि त्याचे खरे कारण दोघेही एकमेकांना सांगत नाहीत. मराठीत 'वर्ग' हा शब्द शाळेच्या खोलीलाही आहे आणि समाजातल्या पायरीलाही. पोनीबॉयच्या वयाला आपल्याकडे हे दोन्ही अर्थ एकाच महिन्यात एकमेकांवर आदळतात.

माझ्या ग्रंथालयात दर शुक्रवारी पुस्तक बदलायला येणारा एक मुलगा होता. आठवीच्या एप्रिलमध्ये शेवटचे पुस्तक परत करताना त्याने विचारले, शाळा बदलली तरी हे कार्ड चालेल का. मी नियम सांगितला. तो बरोबर होता, आणि तो सांगायला मला जराही वेळ लागला नाही, हे मला आजही टोचते.

आपल्या बालकुमार वाङ्मयात गरीब मुलगा नाही असे नाही. तो भरपूर आहे, पण त्याला कामे ठरवून दिलेली आहेत. तो हुशार असतो, प्रामाणिक असतो, सापडलेले पाकीट परत करतो, आणि शेवटच्या पानावर श्रीमंत मित्राचे वडील त्याच्या शिक्षणाचा भार उचलतात. त्याला राग येत नाही. 'श्यामची आई' (1935) मधले दारिद्र्य खरे होते आणि त्या काळाचे होते, त्या पुस्तकाशी माझे भांडण नाही. त्यातला सोसण्याचा गुण तेवढा उचलून पुढच्या कित्येकांनी त्याचा साचा केला, त्याविषयी माझी तक्रार आहे. मिलिंद बोकील यांची 'शाळा' (2004) नववीच्या मुलाच्या तोंडून बोलते, पण माझ्या ग्रंथालयात ती मुलांपेक्षा पालकच अधिक नेत, स्वतःची शाळा आठवण्यासाठी.

हिंटन यांची कादंबरी निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. सूर्यास्त दोन्ही वस्त्यांतून सारखाच दिसतो, ही त्यातली गाजलेली कल्पना मला थोडी सोपी वाटते. सूर्यास्त सारखा दिसला तरी तो बघायला अंगण कोणाला आहे, हा प्रश्न उरतोच. त्याहून मोठी उणीव म्हणजे पुस्तकातला संघर्ष गोऱ्या मुलांपुरताच आहे. याच टल्सा शहरात 1921 साली ग्रीनवुड ही कृष्णवर्णीयांची भरभराटलेली वस्ती गोऱ्या जमावाने जाळली होती, आणि 1967 च्या या कादंबरीत त्याची सावलीही पडत नाही. आपल्याकडे कोणी हा साचा उचलून, जातीचे नाव न घेता केवळ पैशाच्या भेदावर किशोर कादंबरी लिहिली, तर नेमका तोच दोष तिच्यात येईल. डबा, आडनाव आणि राहण्याचा पत्ता या तिन्ही गोष्टी आपली मुले एका दमात वाचतात.

अशी पुस्तके मुलांना झेपत नाहीत हे मत मी ग्रंथनिवडीच्या बैठकांत वर्षानुवर्षे ऐकले आहे. कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो येथील लोन स्टार शाळेच्या ग्रंथपालबाईंना ते मान्य नसावे. त्यांनी मुलांच्या सह्या घेऊन दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांना पत्र पाठवले, की या पुस्तकावर चित्रपट करा. आणि 1983 साली तो झाला. माझ्या व्यवसायातल्या कोणाच्या पत्राला इतके यश आल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही, त्यामुळे मी माझी मागणी बेताचीच ठेवते.

कादंबरीच्या शेवटी कळते, की आपण वाचत होतो तो पोनीबॉयने इंग्रजीच्या शिक्षकांना द्यायचा निबंध आहे. अनुत्तीर्ण होण्याच्या बेतात असलेल्या या मुलाला शिक्षकांनी विषय ठरवून दिलेला नाही. आपल्या पुरवणीत मुलांसाठी अर्धे पान असते आणि त्याखाली सूचना असते, की साहित्य शुद्धलेखन तपासून, शिक्षकांच्या किंवा पालकांच्या सहीनिशी पाठवावे. आठवी-नववीच्या मुलांसाठी ही सहीची अट येत्या जूनपासून काढावी, आणि शाळेचे नाव छापायचे की नाही हे लिहिणाऱ्यावर सोपवावे. शुद्धलेखन तपासायला माणूस कमी पडत असेल, तर ते काम मी विनामोबदला करायला तयार आहे.

आपली,
एक निवृत्त शालेय ग्रंथपाल, नाशिक