अतो (म्हणजे श्रीयुत) अम्हा एशेते यांस आभारपत्र

आदरणीय अतो अम्हा एशेते यांस,
सादर नमस्कार.

हे पत्र आपल्या हाती पडणार नाही. २०२१ मध्ये आपण गेलात आणि आभार मानायचे राहून गेले. तरीही लिहितो, कारण भजनी मंडळात तीस वर्षे पेटीची साथ करणाऱ्या माझ्या कानाला भूप राग पुन्हा नवा वाटू लागला, तो आपण इथिओपियात काढलेल्या गाण्यांच्या तबकड्यांमुळे.

१९४८ च्या शाही फर्मानाने इथिओपियात ध्वनिमुद्रिका काढण्याचा मक्ता हागेर फिकिर या एकाच नाट्यसंस्थेकडे गेला होता. नावाजलेले गायक-वादक बहुतेक शाही अंगरक्षक दल, लष्कर आणि पोलीस यांच्या वाद्यवृंदांत पगारी चाकरीला असत. अदिस अबाबातले क्लब रात्री गाजत, पण ते गाणे तबकडीवर काही येत नव्हते. विशीतल्या आपल्याला हे खटकले आणि १९६९ मध्ये परवानगीची वाट न पाहता आपण गायक अलेमायेहू एशेते यांची गाणी मुद्रित करून घेतली. (आपण दोघे भाऊ असाल असे मी बरेच दिवस समजत होतो; आमच्याकडे वडिलांचे नाव मध्ये येते, तुमच्याकडे ते शेवटी, हे नंतर कळले.) त्या पहिल्या तबकड्या छापून आल्या भारतातून, याचा मला उगाचच अभिमान वाटतो.

तिझिता या तुमच्याकडच्या स्वरमालेच्या एका प्रकारात सा रे ग प ध, म्हणजे भूपाचेच स्वर. अंबासेल या दुसऱ्या स्वरमालेत कोमल रिषभ-धैवतासह आमचा गुणक्री राग. पेटीवर स्वर लगेच सापडले, पण चाल काही केल्या हाती येईना. सवयीने मी ग-रे-सा करत खाली उतरायचो, तर गायक पंचमाला शिवून पुन्हा वर निघालेला असायचा. ठेकाही सहा मात्रांचा, पण दादऱ्यासारखा झुलत नाही, सारखा पुढे ढकलत राहतो. भूपाच्या ठरलेल्या वाटा सोडूनही ते पाच स्वर कुठे कुठे जाऊ शकतात, हे मला अशा रीतीने पन्नाशीत समजले.

१९७४ मध्ये दर्गची लष्करी राजवट आली, संचारबंदीने रात्रीची मैफल संपली आणि १९७५ मध्ये आपण अमेरिकेला गेलात. जेमतेम सहा वर्षांत शंभराहून अधिक छोट्या तबकड्या आणि डझनभर मोठ्या निघाल्या होत्या, त्यांत गायक महमूद अहमद आणि संगीतकार मुलातू अस्तात्केही होते. जुनी मुद्रणे पुन्हा काढणाऱ्या फ्रान्सिस फाल्सेतो यांच्या ‘एथिओपिक’ मालिकेतून हे संगीत जगभर गेले, तसे माझ्यापर्यंतही आले. पण त्या वेळी आपण मक्तेदाराला भ्याला असतात, तर फाल्सेतोंना पुन्हा काढायला फारसे काही उरलेच नसते.

आमच्या पखवाजवाल्याला मी अलेमायेहूंचे एक गाणे ऐकवले. भाषा कोणती हे त्याने विचारलेच नाही, पितळी वाद्ये ऐकून “बँड कुठला?” एवढेच विचारले. गाणारा पोलीस वाद्यवृंदातला, असे सांगितल्यावर त्याने गाणे पुन्हा लावायला लावले आणि मांडीवर सहा मात्रा मोजू लागला.

आपला ऋणी,
पुण्यातील एक पेटीवादक